पाचच्या बटणावरचा उंचवटा

आई,

काय झालं ते आधी लिहिते.

१. तुझ्याकडे बटणांचा फोन होता. तो चालू होता. तुझी त्याबद्दल तक्रार नव्हती.
२. मला नोकरी लागल्यावर तिसऱ्या महिन्यात मी डहाणू रोडच्या एका दुकानातून तुला टचस्क्रीनचा फोन घेतला. जुना फोन बदल्यात दिला.
३. नवा फोन ओल्या हाताने चालत नव्हता. तुझे हात सकाळपासून दुपारपर्यंत ओले असत.
४. दुपारचे तुझे फोन त्या आठवड्यापासून बंद झाले.
५. मी कारण विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस.
६. दीड वर्षाने तू गेलीस.
७. कारण मला त्यानंतर सात महिन्यांनी मावशीकडून कळलं.

कारखान्यात परत आलेल्या मालाचा अहवाल आम्ही असाच लिहितो. आधी घडलेलं, क्रमाने, विशेषणं न लावता. मग कारण, मग यापुढे काय करणार ते, आणि शेवटी उत्तर कधीपर्यंत हवं तो वार. मी आता वापीची ती नोकरी सोडून तलासरीजवळच्या कारखान्यात आहे. मिक्सरची आणि पंख्यांची बटणं तपासते. तुला जाऊन नऊ वर्षं होत आली आणि एवढ्या काळात मी दुसऱ्यांच्या चुकांचे पुष्कळ अहवाल लिहिले. हा राहिला होता. एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ नको. तुझ्या जाण्याशी फोनचा संबंध नाही. ती कावीळ होती, उशिरा कळली, आणि मी डॉक्टरांना तेच दोनदा विचारून घेतलं. माझी चूक त्याहून लहान आहे. ती लहान आहे म्हणूनच इतकी वर्षं कुठे लिहायची ते कळलं नाही.

जुन्या फोनमध्ये नंबर मीच भरून दिले होते, पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला असताना. तुला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून एकेक बटण दाबून धरलं की एकेक माणूस लागेल अशी सोय केली. दोनवर मामाची बोट. तीनवर बर्फवाला. चारवर तलासरीला नेणारा जीपवाला. पाचवर मी. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, अंधारातही बोटाला लागावा म्हणून. तो तुझ्या लक्षात आल्यावर तू म्हणालीस, "हा फुटकुळीवाला तुझाच ठेव. बघायला नको." तुझ्या अंगठ्याला मीठ, खवलं, बर्फाचं पाणी, काहीही लागलेलं असो, फुटकुळी सापडायची. मामा किनाऱ्याच्या टप्प्यात आला की फोन करायचा, आणि काय मिळालंय ते ऐकून तू ठरवायचीस, जीप थांबवायची की आज डहाणूतच विकायचं. आणि दुपारी बाराच्या सुमारास, तलासरीच्या बाजारात गिऱ्हाइकाची एक लाट ओसरून दुसरी यायच्या मधे, तू पाच दाबून धरायचीस.

तो फोन मिनिटभराचा असायचा. "जेवलीस काय? काय दिला डब्यात? बरा हाय ना?" आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत, फोन कानाला तसाच, "ये गो बेन, बोंबील बघ, आत्ताच पाण्यातून आलेत. नाय गो, एवढ्याला कसं परवडेल? आणखी एक टाकते, चल." मग मला, "ठेवते. गिऱ्हाईक आलं." वापीच्या कारखान्यात जेवायच्या वेळी आम्ही पाचजणी एका टेबलावर बसायचो. तुझा आवाज मोठा, त्या फोनचा त्याहून मोठा. माझ्या शेजारची म्हणायची, "लागला हिचा मच्छी बाजार." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. नंतर फोन वाजला की मी डबा तसाच ठेवून बाहेर जिन्यावर जायला लागले.

नवा फोन घेताना मी तक्ता केला होता. पाच फोन, अकरा रकाने. बॅटरी किती टिकते, पडद्याचा आकार, कॅमेरा, आवाज, दुरुस्ती जवळ कुठे होते, बदल्यात किती सूट. तुला एकेका माणसाचा फोटो दिसेल, फोटोला बोट लावलं की तो माणूस लागेल, आकड्यांची गरजच नाही, हे मला फार बरोबर वाटलं होतं. ते कोरड्या बोटांसाठी बरोबरही होतं. काच बोटातली अगदी बारीक वीज ओळखते; मधे खारट पाणी आलं की बोट कुठलं आणि पाणी कुठलं ते तिला कळत नाही. हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. परीक्षेत आलं होतं. मी आकृतीसकट लिहिलं होतं. तक्त्यात हातांचा रकाना नव्हता.

दुपारचे फोन थांबले तेव्हा पहिले आठ दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. डबा पूर्ण खाता यायचा. मग थोडा राग आला, की नवा फोन आला तर हिला पोरीची आठवण राहिली नाही. मग सवय झाली. रविवारी संध्याकाळी मी लावायचे. तू अंघोळ करून, हात पुसून, फोन समोर ठेवून बसलेली असायचीस. पहिल्या रिंगला उचलायचीस. पडद्यावर चेहरा दिसायचा, तोही सरळ. "चालतो ना गं नीट?" "चालतो की. मस्त हाय." मला वाटायचं, मी दर आठवड्याला खात्री करून घेते आहे. आज एखाद्या नव्या मुलीने मला असा अहवाल आणून दिला, की माल दर वेळी फक्त कोरड्यात तपासला आणि उत्तम चालला, तर मी तो तिला परत देईन.

आणि ते स्वयंपाकघर. दिवाळीला मी घरी आलेय, तू चुलीपुढे बोंबील भाजतेयस, मी तांदळाच्या डब्यातून तांदूळ काढायला हात घालते आणि हाताला फोन लागतो. दोन पिशव्यांत गुंडाळलेला, वर रबर. मी तिथेच उभी राहून बोलायला लागते. एवढे पैसे घालून घेतला, तो तांदळात पुरायला? मामाचे फोन लागत नाहीत, तो मला विचारतो. दहा वर्षांची पोरं चालवतात, तुला बोट सरकवता येत नाही? तुला शिकायचंच नाही. तू बोंबील उलटवतेस. म्हणतेस, "चांगला हाय गो. खराब होऊ नये म्हणून ठेवते. भिजला होता जरा." मी म्हणते, "भिजतो कसा? जपून वापरायचा." नंतर माझ्या पिशवीत सुकटीच्या चटणीची बरणी घालताना एवढंच विचारतेस, "तो जुना, तो परत नाय ना मिळायचा?" मी हसते. "त्या दुकानात? तो कधीच भंगारात गेला." "बरा झाला," तू म्हणतेस. "जुनाच होता."

तू गेल्यावर सात महिन्यांनी मी तलासरीच्या बाजारात मावशीला भेटले. ती अजून तिथेच बसते, तुझ्या जागेच्या उजवीकडे. फोनचा विषय मी काढला नव्हता. तिनेच काढला, हसत हसत. "तुझी आय काय करायची ठाऊक हाय? फोन वाजला का ही हात पुसायची लुगड्याला. लुगडापण वलाच. मग बोट लावायची, तो ऐकतोय कशाला? मग काय करायची, नाक लावायची! नाक सुका असतो ना. आम्ही म्हणायचो, बाय, फोनचा मुका घेतेस काय भर बाजारात? तर म्हणायची, माझे पोरीनं दिलाय, घेईन मुका. तुमचे पोट का दुखते?" मावशी डोळे पुसेपर्यंत हसली. मग म्हणाली, "नाकानं उचलायला जमायचा कधी कधी. लावायला नाय जमला. बारा वाजले का फोन काढून बघत बसायची नुसती."

मी तिच्याकडून मांदेलीचे दोन वाटे घेतले आणि खोलीवर आले. तुझा नंबर लावून बघितला. तो दुसऱ्या कुणाला दिला गेला होता. एक माणूस गुजरातीत "कोण?" म्हणाला. मी ठेवला.

हे सगळं आता लिहायचं कारण मावशीचा फोन बंद पडलाय. तिचा बटणांचाच होता. ती म्हणते, "तू शिकलेली, तू सांगशील तो घेईन." मी पुन्हा तक्ता केला. या वेळी पहिला रकाना हातांचा. पण प्रश्न तुझ्या वेळेसारखा सोपा राहिलेला नाही. मावशी म्हणते, "हल्ली गिऱ्हाईक मासे निवडून देतो, कापून घेतो, आणि मग इचारतो, मावशी, स्कॅनर कुठाय? नाय म्हटला का बाजूच्या टोपलीकडे." म्हणजे टच नसेल तर गिऱ्हाईक जातं, आणि टच असेल तर फोन लागत नाही. मी म्हटलं, दोन घेऊ. एक बटणांचा कमरेला, दुसरा घरी सुका, त्याच्यावरून पैसे जमा झाले का ते संध्याकाळी बघायचं. टोपलीला फक्त छापलेला कोड. मावशी म्हणाली, "दोन दोन फोन? मी काय टेशनमास्तर हाय?" आणि लगेच, "पण एक सांग, पैसा आला का नाय ते मना बाजारात बसून कसा कळेल?" प्रश्न बरोबर आहे. बोलणारा डबा मिळतो, पैसे आले की मोठ्याने सांगणारा. त्याचं महिन्याचं भाडं आहे. मी तोही रकाना वाढवला. असे रकाने वाढवत गेलं की मला बरं वाटतं, हे तुला ठाऊक आहे.

गेल्या शनिवारी मी एकटीच डहाणू रोडला चौकशीला गेले. दुकान वेगळं, माणूस वेगळा. त्याने विचारलं, "कोणासाठी पाहिजे, ताई?" मी म्हटलं, मावशीसाठी, मच्छी विकते. त्याने हातातला फोन लगेच खाली ठेवला. "मग बोलायचा फोन बटणांचाच घ्या. हात ओले असतात, टच चालत नाही. आमच्याकडच्या सगळ्या मच्छीवाल्या तोच नेतात." हे बोलायला त्याला दहा सेकंदही लागले नसतील. मी आभार मानून बाहेर आले आणि पायरीवर बराच वेळ उभी राहिले.

मुद्दा क्रमांक दोन मी अपुरा लिहिला आहे. तो पूर्ण करते.

त्या दिवशी तू बाजारातून परस्पर आली होतीस. टोपली बरोबर होती. दुकानाला काचेचं दार, आत गारवा. मीच म्हटलं, "तू इथंच थांब, टोपली कुठे ठेवणार आत." तू पायरीवर उभी राहिलीस. आत माझ्या कॉलेजातली एक मुलगी वडिलांबरोबर फोन बघत होती. दुकानदार म्हणाला, बदल्यात देणार तो फोन आणा. मी दार उघडून हात बाहेर काढला, तू फोन पदराला पुसून माझ्या हातात दिलास. मी आत वळले. दुकानदाराने तो दोन बोटांत धरून नाकाजवळ नेला आणि म्हणाला, "मासळीचा वास येतोय. वापरणारं काय काम करतं? नवा कसा वापरणार तेवढं कळलं तर कुठला चालेल ते सांगता येईल." त्या मुलीने वर बघितलं. मी म्हटलं, "आई घरीच असते. वास काय, आमच्याकडे हवेलाच असतो."

ती मुलगी माझी मैत्रीणही नव्हती. त्यानंतर ती मला कधी भेटली नाही.

ते दार आपोआप मिटणारं होतं, पण त्याची स्प्रिंग सैल होती. ते जवळजवळ मिटायचं, मग शेवटचं बोटभर अंतर अगदी सावकाश. मी बोलले तेव्हा ते मिटलं होतं की नव्हतं, ते माझी पाठ असल्यामुळे मला दिसलं नाही. बाहेर आले तेव्हा तू टोपली डोक्यावर घेऊन रस्त्यापलीकडे उभी होतीस. सांगितलं होतं तिथे, पायरीवर, नव्हतीस. मी तेव्हा समजले, ऊन लागलं असेल. पण ऊन पलीकडेच होतं. आणि पुढचं दीड वर्ष तू नाकाने फोन उचललास, तांदळात सुकवलास, माझी बोलणी खाल्लीस, पण "माझे हात ओले असतात" हे चार शब्द मला सांगितले नाहीस. घरी असणाऱ्या बाईचे हात ओले का असतील, याचं उत्तर तू माझ्यासाठी झाकून ठेवलंस की काय, एवढंच मला कळत नाही. बाकी सगळं कळलेलं आहे.

येत्या शनिवारी मावशीला घेऊन जाणार आहे. बाजारातून परस्पर, टोपलीसकट, दाराच्या आत. पाण्याची बाटली नेणार आहे. हात ओले करून ती स्वतः एकेक फोन लावून बघेल, मग घेऊ. दुकानदार विचारेल कोण आहेत या, तर मी सांगेन. मावशीबद्दल सांगणं मला सोपं जाईल. तुझ्याबद्दल सांगायला जमलं नव्हतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, तो टेबलाच्या खणात राहील. तरी अहवालाला शेवटची ओळ लागतेच. माझा प्रश्न एक आहे: दार मिटायच्या आत तू ऐकलंस का? हो किंवा नाही, एवढंच पुरे. शुक्रवारपर्यंत कळव.