माझं घर तिचंच आहे

प्रिय धाकट्या,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण कागद चांगला आहे, वाया कशाला घालवू? फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू 'ताई, अगं ऐक ना, ऐक तर' करत मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, मग मलाच रडू येतं आणि राग राहतो बाजूला. आज मला तो बाजूला ठेवायचा नाहीये. तेव्हा खुर्ची ओढ, बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच चहा करायला उठू नकोस.

मला मदत नाकारली. थकलेलं भाडं भरून देणाऱ्या ज्या कार्यालयात मी इतके दिवस खेटे घालत होते, त्यांनी गेल्या आठवड्यात बोलावून नाही म्हणून सांगितलं. महिनाअखेरीपर्यंत भाडं चुकतं झालं नाही, तर घरमालक या दोन खोल्या रिकाम्या करून घेणार. माणूस वाईट नाही तो, बरंच थांबला. पण तोही किती थांबणार? म्हणजे ज्या घरात मी तुला वाढवलं, ज्या खिडकीच्या उजेडात अख्ख्या गल्लीतल्या माणसांचे पडदे शिवले, ते घर जाणार. आणि ते कुणामुळे जाणार, ते सांगते. दम धर.

सुरुवातीपासून सांगायला हवं, कारण तू कधी विचारलंच नाहीस. कापडाचा गठ्ठा घेऊन वर येताना ओल्या जिन्यात पाय घसरला आणि मनगट मोडलं, एवढं तुला ठाऊक आहे. तू फोन केलास, 'काळजी घे गं' म्हणालास. घेतली काळजी! पण पडदे शिवणाऱ्या बाईचं उजवं मनगट गेलं तर मागे काय उरतं, याचा विचार केलास? डाव्या हाताने भाजी चिरता येते एक वेळ, पण कापड सरळ कापता येत नाही. दोन चांगल्या गिऱ्हाइकांचे पडदे वाकडे झाले, ती परत फिरकली नाहीत. बाकीच्यांना मीच नको म्हटलं. हातात पैसे नाहीत म्हटल्यावर भाडं तुंबलं. आता प्लास्टर निघालंय, बोटं वळतात, एका शाळेच्या मोठ्या हॉलचं कामही कबूल झालंय. मला जन्मभर कुणी पोसायला नको होतं रे. मधला खड्डा तेवढा भरून हवा होता.

आणि तो मागायला जाणं काय सोपं होतं? पहिल्या दिवशी मी त्यांच्या दारापर्यंत गेले आणि समोरच्या दुकानातून उगाच दोऱ्याची रिळं घेऊन घरी आले. दुसऱ्यांदा आत गेले. तिथे एक चष्मेवाल्या बाई आहेत, तुझ्याहून लहान असतील. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, एक दिवस घरी येऊन बघूनही गेल्या. कापायच्या टेबलावरच्या जळक्या डागावरून हात फिरवून 'हे काय?' म्हणाल्या. मी सांगितलं, माझ्या भावाचा प्रताप, इस्त्री चालू ठेवून खेळायला पळाला होता. अजूनही तेवढी जागा सोडूनच कापड पसरते मी. बाई हसल्या. म्हणाल्या, तुमच्यासारख्यांसाठीच ही मदत आहे, आता जवळच्या नातेवाइकाला एक फोन करायचा, की झालं. मी मोठ्या अभिमानाने तुझा नंबर दिला.

तू काय बोललास ते मला बाईंनी जसंच्या तसं वाचून दाखवलं. 'माझी सख्खी बहीण आहे ती. तिला कुणापुढे हात पसरायची गरज नाही. माझं घर तिचंच आहे, आज येऊ दे.' वा रे वा! ऑफिसात बसला होतास ना तेव्हा? आजूबाजूला चार जण कान देऊन होते ना? मला तुझा तो आवाज ओळखू येतो. कुणी ऐकत असलं की तू छाती फुगवून बोलतोस, लहान होतास तेव्हापासून. उचलली जीभ लावली टाळ्याला! अरे, त्यांचा नियमच आहे, ज्याला दुसरीकडे राहायची सोय आहे त्याला मदत नाही. ज्याला खरोखर कुठेच जागा नाही त्याला आधी. नियम बरोबरच आहे, माझं काही म्हणणं नाही. बाई म्हणाल्या, किती चांगला भाऊ आहे तुमचा. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? शाबासकी तुला मिळाली आणि घर माझं गेलं.

तरी बघ, मी किती खुळी. त्या दिवशी घरी येताना वाटलं, खरंच म्हणाला असेल. माणूस बदलतो, मोठा होतो. म्हणून रविवारी तुझ्याकडे आले. तुला वाटलं, सहज आले. सहज येणारी बाई कपड्यांची बॅग घेऊन येते का रे? दार उघडून तू 'ताई, आज अचानक?' म्हणालास, माझ्या हातातून बॅग घेतलीस आणि चपलांशेजारी ठेवलीस. मी निघेपर्यंत ती तिथेच होती. कुणी आत नेली नाही. तुझ्या बायकोने पाहुण्यांचे कप काढले आणि परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं. तिचा दोष नाही, तिला तू काही बोललाच नव्हतास. मी पाणी प्यायच्या निमित्ताने ती मागची खोली बघून आले, तू सगळ्यांना 'ताईची खोली' म्हणून सांगतोस ती. तुझ्या त्या पळायच्या यंत्रावर टॉवेल वाळत होते, आणि भिंतीला खोक्यांवर खोकी. एवढ्यात भाचीने विचारलं, आत्या, तू राहणार आहेस का? आणि मी तोंड उघडायच्या आत तूच हसलास. 'छे गं, आत्याला तिचं घर सोडून करमतं होय?'

तिथेच तुझ्या थोबाडीत द्यायला हवी होती. पोरीसमोर कशी देणार? चहा संपवला, बॅग उचलली आणि निघाले. बसमध्ये खिडकीशी बसून सारखी हीच उलाघाल, की मला राग नेमका कशाचा आलाय. तू मला ठेवून घेत नाहीस याचा नाही. देवाशपथ नाही. तुझं घर लहान, तुझे हप्ते, तुझा संसार, मला का कळत नाही? आणि खरं सांगू, मलाही तुझ्याकडे राहायचं नाहीच. तुझ्या बायकोला सगळं पुसलेलं लागतं, आणि मी जाईन तिथे दोऱ्याचे तुकडे सांडत जाते. आठ दिवसांत आम्ही एकमेकींच्या जिवावर उठू. राग आहे तो फुकटच्या मोठेपणाचा. द्यायचं काही नाही आणि मिरवायचं मात्र सगळं.

तुला आई गेली ते वर्ष आठवतं? मामा तुला घेऊन जाणार होता आणि मी त्याला दारातून परत पाठवलं. मग तुझी फी आली. ती माफ करून घ्यायची, तर मोठ्या माणसाने मुख्याध्यापकांसमोर सांगावं लागत होतं. मोठं माणूस म्हणजे कोण, तर मीच, मिसरूड न फुटलेल्या भावाची बहीण! खोलीत चार शिक्षक होते, तुझ्या वर्गातल्या कुणाचे तरी वडील होते. मी खणखणीत आवाजात सांगितलं, आमच्या घरात कमावणारं कुणी नाही, माझ्या भावाची फी मला भरता येणार नाही. तू दारात उभा होतास, कान लालबुंद. नंतर कितीतरी दिवस माझ्याशी अबोला धरलास. 'सगळ्यांसमोर कशाला सांगितलंस?' एवढंच म्हणायचास. अरे, सांगितलं म्हणून तर शिकलास. लाज मलाही वाटत होतीच की. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले होते, ते तुला कुठे माहीत?

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. गुरुवारी सकाळी त्यांची समिती पुन्हा बसते आहे. बाईंनी माझ्यासाठी शब्द टाकलाय, पण त्यांनी स्पष्ट बजावलंय, की भावाने स्वतः समोर येऊन सांगितलं तरच माझं प्रकरण परत उघडेल. फोन चालणार नाही. तेव्हा तू ये. हवं तर चांगला शर्ट घालून ये. आणि चार माणसांसमोर सांग, की बहिणीला ठेवून घेणं मला जमणार नाही. एवढंच. कारणं देऊ नकोस, गळा काढू नकोस, माझे गोडवे तर मुळीच गाऊ नकोस. लाज वाटेल. कान लाल होतील. होऊ देत. मी शेजारच्याच खुर्चीत असेन आणि नंतर अबोला धरणार नाही. आणि एवढंही तोंडातून निघणार नसेल, तर मग जे बोललास ते खरं कर. ते पळायचं यंत्र बाहेर काढ, बायकोला आणि पोरीला आजच सांग, मी महिनाअखेरीला शिलाई मशीन आणि तुझा डाग पडलेलं टेबल घेऊन येते. बॅग या वेळी चपलांपाशी ठेवायची नाही.

तुझीच,
अजून तरी स्वतःच्या घरातून लिहिणारी,
ताई