ईस्टरची एकशे बारा डुकरं

बुधवार, ८ एप्रिल २०२०
मांसाचा कारखाना सोमवारपासून बंद. निम्मे कामगार तापानं पडलेत. आमची एकशे बारा डुकरं विकायला तयार — आणि घ्यायला कुणी नाही. आयोवाभर हीच रड. रोज दोन-दोन पौंडांनी वाढताहेत. आणखी थोडी वाढली की कारखाना उघडला तरी नको म्हणतील.

रविवार, १२ एप्रिल. ईस्टर
प्रार्थना आम्ही नवरा-बायकोनं गाडीत बसूनच केली, चर्चच्या आवारात. घरी आल्या आल्या हॅरलननं रस्त्याकडेला फळी ठोकली — ‘डुकरं फुकट. पिकअप आणा.’ मी म्हटलं, थांब जरा, सरकार काहीतरी देईल. “आणि तोवर? मारून खड्ड्यात घालू? माझ्याच्यानं नाही होणार.” संध्याकाळपर्यंत मोठी शेड रिकामी. आता उरल्या डुकरिणी आणि त्यांची पिल्लं. शेजारचा ड्वाइट चार डुकरं घेऊन गेला, मुरंब्याची बरणी ठेवून गेला.

मंगळवार, २६ मे
मदतीचे अर्ज सुरू. काउंटीचं शेती-ऑफिस बंद, सगळं फोनवर. तिथली मार्लिस म्हणाली, “सोळा एप्रिलपासून पुढं तुमच्याकडे होती तीच धर. आधी गेली ती गेली.”
चार दिवस! थांब म्हणाले होते मी. रात्री हॅरलनला म्हटलं, तुझं तू वाढून घे.

शुक्रवार, २९ मे
ड्वाइट आला, मास्क हनुवटीवर. “आम्ही अकरा घरांनी ठरवलंय. कुणी विचारलं तर डुकरं अठरा तारखेला नेली. तुमचंच खातोय, एवढं तरी करू.”
हॅरलन म्हणाला, “चर्चमधला वडीलधारा ना रे तू? ईस्टर विसरलास होय?”
“देव घेईल समजून. ऑफिसचं काही सांगता येत नाही.”
हॅरलन हसला, पण नाही ते नाहीच.

सोमवार, १ जून
डुकरिणी जुलैत विकायच्या, असं त्यानं ठरवून टाकलं. स्वतः शाळेची बस चालवणार. एकसष्टाव्या वर्षी! माझ्या वडिलांच्या हातचा हा धंदा. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

गुरुवार, ४ जून
शेती माझ्या नावावर, सही माझी. एकशे बारा धरून आकडा लिहिला. मार्लिस म्हणाली, “आत्ता पुरावा नको. पुढं तपासणी होऊ शकते हं.” हॅरलनला सांगितलं, उरलेलीच लिहिली. एकोणचाळीस वर्षांत त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. लाज वाटतेय. तरी अर्ज मागं घेतला नाही.

मंगळवार, ३० जून
पैसे जमा. “बरेच दिले की!” — हॅरलन. मी भाजी चिरत राहिले. डुकरिणी विकायच्या नाहीत आता. शेडमधून त्याची शीळ ऐकू येतेय.

बुधवार, ९ सप्टेंबर
नऊ डुकरिणी व्याल्या. हॅरलन जेवायला येईना.

मंगळवार, १५ सप्टेंबर
तपासणीत आमचं नाव निघालं. फोन हॅरलननंच घेतला. मी भांडी घासत होते. “कागद कशाला शोधायचे? आमची लव्हॉन रोज वही लिहिते. खोटं एक अक्षर नाही सापडायचं तिच्यात.” उद्या दहाला वही नेऊन देतो म्हणालाय.
ही वही त्यानं आजवर कधी उघडलेली नाही. उद्या न्याहारीला आधी त्याच्याच हातात देते.