युनूसबाबांच्या शब्दांची वाटणी

आज टपालाने आले: दीनानाथ भावोजींचे पत्र एक, आत दोनशे डॉलरचा चेक, शब्दांच्या कार्डांची किंमत म्हणून. तो परत पाठवण्यास सतरा सेंट. शब्द विकायचे नाहीत, म्हणून हे मृत्युपत्र.

मी, श्रीमती जयंती शशिकांत नवाथे, वय एकसष्ट, मॅट्रिक, राहणार एडमंटन, देवासमोर बसून, डोके ठिकाणावर असताना, कोणी न सांगता लिहिते. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. भीती नाही, पण आवरून ठेवलेले बरे.

घर व बँकेतली शिल्लक मुलगी उमा हिला. ड्राइव्हवेवरचा बर्फ तिने स्वतः शोव्हल करावा, माणूस लावू नये. देवघरातला गणपतीही तिचाच. "आई, आय डोन्ट नो द पूजा," म्हणते. फूल वाहता येते ना? पुरे.

आता बेसमेंटमधली खोकी. मध्य आशियात फरगाना खोऱ्यातल्या किपचाक लोकांची तुर्की बोली आज कोणी बोलत नाही. इथले म्हातारे शिंपी युनूसबाबा यांना आईचे शब्द आठवत. रविवारी आमच्याकडे वरणभात जेवत आणि सांगत. यजमान व त्यांचे मित्र दीनानाथ भावोजी लिहून घेत. शब्द लिहायची कार्डे मी नाश्त्याच्या सीरियलच्या रिकाम्या खोक्यांची कापली.

बाबा गेले आणि वाद पेटला. यजमान म्हणत, बोली किर्गिझच्या कुळातली. भावोजी म्हणत, उझबेकच्या.

"वहिनी, तुम्हीच सांगा!"

"गेलेल्या माणसाचं गोत्र बदलून दुसरं श्राद्ध घालायचंय का?" मी म्हटले. कोणी हसले नाही. भावोजी निम्मी कार्डे घेऊन विंडसरला गेले. पातेले एका भावाकडे, झाकण दुसऱ्याकडे, तशी गत. मग दोघांनी अर्ध्या बोलीवर लेख लिहिले. यजमानांच्या दिवसांनाही भावोजी आले नाहीत. हे मी विसरलेले नाही.

तरी आमची निम्मी कार्डे दीनानाथ भावोजींना, फुकट. सगळी एका कपाटात ठेवावीत. कपाटावर किर्गिझ, उझबेक काही न लिहिता युनूसबाबांचे नाव लिहावे. वाद लेखांत खुशाल घालावा. टपालाने मिळणार नाहीत. स्वतः येऊन न्यावीत. माझ्यामागे महिनाभरात न नेल्यास युनिव्हर्सिटीला द्यावीत.

सही: जयंती शशिकांत नवाथे
साक्षीदार: रवींद्र तेरदाळकर, शोभा तेरदाळकर (शेजारी)
एडमंटन, २९ ऑगस्ट १९८०

भावोजी, ही नक्कल तुम्हाला. चतुर्थी तेरा तारखेला आहे, ऑपरेशन त्यानंतर. माझ्यामागे येण्यापेक्षा माझ्यासमोर या. येता की नाही, उलट टपाली कळवा. मोदकांना नारळ इथे आधी सांगून ठेवावे लागतात.