भावजींचा हात

अमावास्या, जिंतूर

आज दिराचं मनगट मी मोडलं. कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला.

ताऱ्यांमागे दुर्बीण आपोआप फिरवणारा संगणकी माउंट मी मुद्दाम जड निवडला होता, वाऱ्यात फोटो हलू नये म्हणून. दिवस मावळल्यावर शेतात तो ध्रुवाकडे लावत होते. तोलाच्या वजनाचा लोखंडी दांडा हातातच होता. तेवढ्यात भावजी आले.

"वैनी, एकटी बाई अंधारात काय करायली, गाव इचारायलंय!" म्हणत त्यांनी तिपाईला लाथ घातली. माउंट आडवा झाला. तो उचलून आपटायला ते वाकले आणि मी दांडा हाणला. तो आवाज!

ते बोंबलत खाली बसले. मी मात्र आधी माउंटची मोटर फिरते का ते पाहिलं. मग त्यांचा हात. अशी कशी मी? आणि पुन्हा कुणी लाथ घातली तर? पुन्हा हाणीन, असंच वाटतंय.

मीच त्यांना गाडीवर दवाखान्यात नेलं. वाटभर शिव्या. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?" भावजी खाली बघत म्हणाले, "बैलानं हाणलं."

आमच्याकडं बैल कुठंय?