माझा काढा आणि तुमचे बंधुराज

केलीव्हिल, सिडनी
ऑक्टोबर २०२१

ती. चित्रलेखाताईंना मंजिरीचा नमस्कार.

तब्येत कशी आहे, हे फोनवर विचारलं की तुम्ही "मजेत" म्हणून विषय भाजीकडे नेता, म्हणून ईमेलवर लेखी विचारते आहे. इकडे तुमच्या आई (विमानं बंद झाल्यापासून आमच्याकडे अडकलेल्या; तक्रार फक्त इथल्या कोथिंबिरीबद्दल) तुमची रोज आठवण काढतात.

माझं म्हणाल तर मार्चपासून पाळी बिघडली होती. केव्हाही यायची आणि आली की जायचं नाव नाही. जिना चढताना धाप लागे. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, सोनोग्राफी लिहून दिली. ती मी लॉकडाउनच्या नावावर ढकलत राहिले. खरं कारण भीती. कॅन्सर हा शब्द मी व्यासपीठावरून बिनदिक्कत उच्चारला आहे. स्वतःबद्दल तो मनातही उच्चारवेना. मग मैत्रिणीने सुचवलेल्या चिनी वैद्य लिनबाईंकडे गेले. त्यांनी नाडी पाहिली, मास्क खाली करून जीभ दाखवायला लावली आणि उकळून प्यायला साली-मुळ्यांच्या पुड्या दिल्या. सोनोग्राफीचं विचारलं, तेव्हा मी "झाली, नॉर्मल आहे" असं ठोकून दिलं.

आता पंचाईत अशी, की नुकतीच मी इथल्या मराठी मंडळाच्या झूमवर कोरोनाच्या काढ्यांविरुद्ध तासभर कडाडले होते. (टाळ्या म्यूटवर होत्या, पण होत्या.) तीच बाई घरात मुळ्या उकळते, हे केलीव्हिलला कळलं असतं तर? म्हणून मी काढा थर्मासात लपवत असे. तो आईंना सापडला. त्यांना वाटलं, सुनेला उपरती झाली, पण कबूल करायला लाजते. माझा मान राखायला त्या बोलल्या काहीच नाहीत. कोरोनाचा काढा समजून त्यातला बराचसा तुमच्या बंधुराजांना, दत्तप्रसादला, पाजू लागल्या, कुंपणावरून शेजारच्या विश्रामलाही वाटीभर, आणि कमी पडेल तितकं पाणी घालून थर्मास जागच्या जागी. दत्तप्रसाद मित्रांना फोनवर सांगायचा, "घसा एकदम क्लिअर आहे, मेट." मी मात्र ते पाणी पिऊन, रक्त का थांबत नाही म्हणून लिनबाईंना फैलावर घेत होते.

बिंग फुटलं जेवणाच्या टेबलावर. दत्तप्रसादने वाटी तोंडाला लावली आणि मी वास ओळखला.

"अरे, ते माझ्या पाळीचं औषध आहे."

त्याने तोंडातला घोट गिळला, वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "विश्रामला कोण सांगणार?"

आई मात्र हसल्या नाहीत. आयुष्यभर ज्यांनी या गोष्टीला 'अडचण' याखेरीज नाव दिलं नाही, त्यांनी लेकासमोर विचारलं, "किती जातंय?" मी सांगितलं. "आणि हे त्या बाईला खरं सांगितलंस?" ताई, एवढी भाषणं करणारी मी, वाटीतला उरलेला काढा परत थर्मासात ओतत बसले.

दुसऱ्या दिवशी लिनबाईंपुढे सगळं ओकले. आधी त्या डोळे पुसत हसल्या. मग म्हणाल्या, सोनोग्राफी झाल्याशिवाय पुडी मिळणार नाही, आणि माझ्यादेखत जीपीला फोन लावला. गर्भाशयात पॉलिप (मांसाची बारीक गाठ) निघाला. काढला, तपासला, साधा होता. रक्तातलं लोह पार तळाला गेलेलं, ते भरलं. आता जीपीला विचारून पुड्याही घेते आणि पाळी वेळेवर येते. गुण शस्त्रक्रियेचा की साली-मुळ्यांचा, यावर एरवी मी तुमचे कान किटवले असते. सध्या जीपी आणि लिनबाई, दोघींचे आभार मानते आणि तिसरे आईंचे, ज्यांनी नुसतं विचारलं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुमच्या मायेची,
मंजिरी

ता. क. विश्रामला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याला ती चव आवडली आहे, रिकामी वाटी परवाच कुंपणावर आली.

ता. क. २. ताई, हे सगळं लिहिलं ते यासाठी. पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तुम्हाला गौरी-गणपतीपासून पुन्हा रक्त जातंय, हे आईंनी काल मला सांगितलं. तुम्ही त्याला उष्णता म्हणता आणि सब्जा पिता. ती उष्णता नव्हे. या वयात ते डॉक्टरला दाखवायलाच हवं. बहुतेकदा साधंच निघतं. पण ते तपासल्यावरच कळतं. माझी मैत्रीण सुमेधा तुमच्याच भागात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिची येत्या मंगळवारची वेळ घेतली आहे. तुमचा नचिकेत न्यायला येईल. त्याला मी 'आईची दाढ दुखते' असं सांगितलं आहे. वाटेत त्याला खरं सांगा किंवा दाढ धरून बसा, पण गाडीत बसा.