पूर्ण पाथ

४ तारीख, दुपार
डोळ्यांच्या दवाखान्याचे सगळे कॉम्प्युटर एकटा सांभाळतो, तरी मोठ्या डॉक्टरबाईंनी मुदत घातली. उद्या ज्यांचं ऑपरेशन, त्यांना आज संध्याकाळी 'उपाशीपोटी या' असा मेसेज आपोआप जायला हवा. पंधरापर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे. पंधरा कशाला? आजच संपवतो.

४ तारीख, संध्याकाळ
संपलं. मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट हाताने चालवली, बिनचूक. तिच्यात पेशंटच्या यादीच्या फाइलचं नुसतं नाव लिहिलंय. डेटा एन्ट्रीच्या ताई म्हणाल्या, सर, पूर्ण पाथ द्या, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो सगळा पत्ता; नाहीतर सर्व्हर स्वतःच्याच फोल्डरमध्ये उभा राहून शोधेल. म्हटलं, घरातल्या घरात हाक मारताना कोणी पत्ता सांगत नाही. तुसडेपणा झाला का? नाही. मार्गदर्शन.

५ तारीख
सर्व्हरने चालवली. 'फाइल सापडली नाही.' माझ्या हाताने चालते, त्याच्या नाही. दोष उघड आहे.

६ तारीख
यादीची प्रत सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवली. मेसेज गेले. ताई म्हणाल्या, ही यादी आजची, उद्या काय? संकल्प: रोज दुपारी नवी प्रत ठेवणे.

७ तारीख
संकल्प पाळला.

८ तारीख
मेहुणा आला होता. राहिलं.

१० तारीख
परवापासून नवी प्रत ठेवलेली नाही, तरी मेसेज जाताहेत, एकही एरर नाही. कोणाला जाताहेत ते तपासावं का? स्वतःवर संशय घेणं हा माझा जुना दोष. आवरला. रिसेप्शनला लेखी कळवलं, उद्यापासून पेशंटना 'उपाशी या' सांगायला फोन करू नका.

१२ तारीख
एक आजोबा सलग चौथ्या दिवशी उपाशीपोटी, पिशवी घेऊन हजर. सिस्टर म्हणाल्या, आजोबा, तुमचे दोन्ही डोळे झाले. ते म्हणाले, मलाही तसंच वाटत होतं, पण तुम्ही रोज बोलावताय.
ज्यांचं खरंच ऑपरेशन होतं ते सहाही जण पोटभर खाऊन आले. सहाही रद्द. एक बाई पायऱ्यांवर बसून रडत होत्या. मुलाने त्यांच्यासाठी रजा काढली होती.

१३ तारीख
डॉक्टरबाईंना सर्व्हरचा स्वभाव अर्धा तास समजावला. त्यांनी ताईंना विचारलं, किती वेळ लागेल? ताईंनी पूर्ण पाथ टाइप केला. पाच मिनिटं. त्यातली चार माझी खुर्ची खाली करण्यात गेली.

१५ तारीख
काम ताईंकडे. सध्यापुरतं असावं, तसं कोणी म्हणालेलं नाही.
आजोबांना 'आता येऊ नका' म्हणून फोन करायचं काम माझ्याकडे. केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ते ठीक आहे, पण जरा तुमच्या वरच्या कोणाला तरी द्या.
ताईंना दिला.