शीळ घालायची शिकवणी

प्रिय धाकटे,

आधी बातमी सांगते, मग भांडते. माझं डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय, त्यामुळे आता तुलाही मान्य करावं लागेल. आईचं जे झालं, ते माझं होत नाहीये.

हो, गेले कित्येक महिने मी त्याच धास्तीत होते आणि तुझ्याजवळ चकार शब्द काढला नाही. चष्मा फ्रिजमध्ये सापडला तेव्हा हसून घेतलं. मग दुधाचं भांडं जळून कोळसा झालं, तरी मी शेजारच्या खोलीत ढिम्म बसलेली. एकदा तर समोरच्या बाईंशी बोलता बोलता त्यांचं नावच आठवेना. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवलेली मी, अर्ध्या शहराचे नंबर जिच्या जिभेवर! घरात येऊन दार लावलं आणि आई डोळ्यांपुढे आली. आपल्या दोघींना खुर्च्या देऊन, तुम्ही कोणाकडच्या, असं अदबीने विचारणारी.

शेवटी गेले. डॉक्टर म्हणजे कालपरवा मिसरूड फुटलेला मुलगा. बाहेर ताटकळत ठेवलं आणि आत गेल्यावर विचारतो, आजी, आज वार कोणता? आजी म्हणे! मी म्हटलं, म्हाताऱ्यांना ताटकळत ठेवायचा. मग कागद पुढे सरकवला, घड्याळ काढा म्हणाला. मी आपल्या मुलींच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदरनी घोटवून घेतलेले रोमन आकडे घालून काढलं, तर तोच बोटांवर मोजत बसला. हसू नकोस.

मग म्हणाला, रोजच्या गोळ्या दाखवा. पर्स टेबलावर पालथी केली. त्यात ती सर्दीची गोळी होती, झोप छान लागते म्हणून मी रोज घ्यायचे ती. ही रोज घेता, असं त्याने दोनदा विचारलं. या वयात अशा गोळीने दुसऱ्या दिवशीही डोक्यात धुकं राहतं म्हणाला. ती बंद केली. कानांतही डोकावला. तिथून काय निघालं ते लिहीत नाही, तू खात असशील काहीतरी. एवढंच सांगते, बाहेर आले तर रस्ता नुसता किंचाळत होता. आमच्या फाटकाजवळच्या झाडावर पक्षी आहेत हे मला त्या दिवशी कळलं. बाकी तपासण्याही झाल्या, सगळ्या ठीक. मी मेंदू गेला म्हणून रडत होते, बाई, आणि निघाला काय तर मळ!

पण फुकटात सोडलं नाही त्याने. रोज चाला, ठरल्या वेळी झोपा, माणसांत मिसळा, काहीतरी नवीन शिका. असा संताप आला. एवढं सांगायला इतकी वर्षं कॉलेजात घालवलीस? मदर हेच कान पिरगाळून सांगायच्या. तरी करतेय. खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड बस कंडक्टरबरोबर तळ्याला फेरी मारते. वाटेत कोणी उभा राहिला की ते अजून, पुढे सरका, पुढे सरका म्हणतात. मी त्यांच्याशी अख्खी फेरी भांडते आणि स्वच्छ डोक्याने घरी येते. झोपताना मोबाइल स्वयंपाकघरात ठेवते. गोळीशिवाय झोप यायला वेळ लागला, पण येते.

आणि नवीन म्हणशील तर मी शीळ शिकतेय. तू शाळेच्या व्हरांड्यात शीळ घातलीस आणि कोणीतरी मुलगा आत शिरला असं वाटून मदर छत्री घेऊन धावल्या होत्या, आठवतंय? त्यांनी तुला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, तर तू भिंतीलाच शीळ ऐकवलीस. मी तेव्हा शहाण्यासारखी मान खाली घालून बसले होते आणि मनातून जळत होते. आता रोज आरशासमोर उभी राहते. नुसता वारा येतो.

आता भांडण. तू फोन का उचलत नाहीस? तुझ्या सुनेवर रागावू नकोस, मीच तिला खोदून खोदून विचारलं. तू घराजवळच्या बस स्टॉपवर बसून राहिलीस म्हणे, कुठल्या गल्लीत वळायचं ते सुचेना म्हणून. आणि थोरलीला कळू द्यायचं नाही अशी तिला शपथ घातलीस. मला? एका आईच्या पोटी जन्मून भीती एकटीने सोसायची, हे कुठे शिकलीस? माझ्याकडूनच शिकली असशील.

म्हणून लिहिलं हे सगळं. गुरुवारी सकाळची वेळ घेतली आहे, त्याच पोराकडे, तुझ्यासाठी. तुझ्या तपासणीत काय निघेल मला माहीत नाही. एखादी गोळी निघेल, मळ निघेल, किंवा जे आपण दोघी बोलत नाही ते निघेल. ते निघालं तरी उशिरा कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं, आणि वार सांगायला मी शेजारच्या खुर्चीत असेन. बेल वाजवली तर तू दार उघडणार नाहीस, मी ओळखून आहे तुला. तेव्हा मी तुझ्या खिडकीखाली उभी राहून शीळ घालेन. वाराच येईल. चूक सुधारायला तरी खाली येशील ना?

तुझीच,
नुसता वारा फुंकणारी थोरली